पाच मिनिटांचा माणूस

गेल्या शनिवारी आमचं रिलीज होतं. रात्री दहाला सुरू झालेलं काम पहाटे तीनला संपलं, आणि नेहमीप्रमाणे तोपर्यंत झोप पार उडून गेली होती. रूम पार्टनरही जागाच होता. म्हटलं चला, आता सकाळच होणार आहे तर 'कॅसाब्लांका' बघू. मी चौथ्यांदा, तो पहिल्यांदा.

सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो तोच रिकच्या कॅफेत एक बुटका, बटबटीत डोळ्यांचा माणूस येतो. नाव उगार्टे. अडकलेल्या निर्वासितांना परवाने विकणारा दलाल. दोन जर्मन निरोप्यांचा खून करून मिळवलेली प्रवासाची पत्रं तो हम्फ्री बोगार्टकडे ठेवायला देतो, थोड्याच वेळात पकडला जातो, जाताना "मला लपव" म्हणून बोगार्टच्या गळ्यात पडतो, आणि संपला. नंतर फक्त तो मेल्याची बातमी येते. सगळं मिळून जेमतेम पाच मिनिटांचं काम असेल.

पार्टनर म्हणाला, "अरे थांब, हा कोण? ह्याचा आवाज मी कुठंतरी ऐकलाय."

मी म्हटलं, शक्यच नाही, तू आयुष्यात ब्लॅक अँड व्हाइट इंग्रजी सिनेमा बघितलेला नाहीस. पण पठ्ठ्याचं बरोबर होतं. त्याने तो आवाज कार्टूनमध्ये ऐकला होता! १९४६ च्या बग्ज बनीच्या एका कार्टूनमध्ये एक वेडा शास्त्रज्ञ आहे, त्याचा चेहरा आणि बोलणं थेट ह्या माणसावरून उचललेलं आहे. पुढे 'रेन अँड स्टिंपी'मधल्या रेनचा आवाजही ह्याच्यावरूनच बेतला गेला. म्हणजे बघा, माणूस १९६४ मध्ये गेला, पण १९९० नंतर जन्मलेली पोरंसुद्धा त्याचा आवाज ओळखतात. फक्त त्याचं नाव कुणाला माहीत नसतं.

त्याचं नाव पीटर लोर. रविवार सगळा त्याच्यामागे गेला, तो हिशोब आज मांडतो.

हे नावही खरं नाही. खरं नाव लास्लो लोवेनश्टाइन. जन्म २६ जून १९०४, गाव रोझाहेज. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज ते रुझोम्बेरोक ह्या नावाने स्लोव्हाकियात आहे. घर ज्यू, घरातली भाषा जर्मन, राज्य हंगेरियन आणि आजूबाजूचे लोक स्लोव्हाक. म्हणजे "तुमचं गाव कोणतं?" ह्या साध्या प्रश्नाचं उत्तर त्याला जन्मापासूनच अवघड होतं. आई लहानपणीच गेली. पुढे कुटुंब व्हिएन्नाला आलं. पोराने बँकेत कारकुनी करावी अशी घरची अपेक्षा, आणि काही दिवस त्याने ती केलीही. (आपल्याकडे "आधी डिग्री घे, मग नाटकं कर" म्हणतात, तसंच काहीसं.) पण तो व्हिएन्नात याकोब मोरेनोच्या मंडळीत जाऊन पडला. हा मोरेनो म्हणजे पुढे सायकोड्रामा ही उपचारपद्धत ज्याच्या नावावर जमा झाली तो. तिथे लिहिलेली संहिता नसायची, आयत्या वेळी सुचेल तसं उभं राहून करायचं. लोरच्या कामात शेवटपर्यंत जी एक बेभरवशाची गंमत आहे, आता हा काय करेल ते सांगता येत नाही असं जे वाटतं, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

१९२९ मध्ये तो बर्लिनमध्ये होता, आणि ब्रेख्तच्या वर्तुळात. हो, तोच बेर्टोल्ट ब्रेख्त, ज्याच्या नाटकावरून पुलंनी 'तीन पैशाचा तमाशा' केलं. ब्रेख्तला हा बुटका, गोल चेहऱ्याचा नट फार आवडला. 'मान इस्ट मान' ह्या नाटकात त्याने लोरला मुख्य भूमिका दिली. त्याच वर्षी, म्हणजे १९३१ च्या मे महिन्यात, फ्रिट्झ लांगचा 'एम' पडद्यावर आला.

'एम' पाहिला नसेल तर कृपया पाहा. लांगचा हा पहिला बोलपट. एका शहरात लहान मुलींचे खून होत आहेत. पोलिसांच्या धाडी इतक्या वाढतात की चोर-दरोडेखोरांचा धंदा बसतो, म्हणून शेवटी गुन्हेगारच त्या खुन्याला शोधायला निघतात. खुनी हान्स बेकर्ट म्हणजे लोर. अर्धा सिनेमा होईपर्यंत तो नीट दिसतही नाही. आधी पोस्टरवर पडलेली सावली, मग एक शिळेची धून, मग आरशात तोंडं वेडीवाकडी करणारा चेहरा. तीच शीळ ऐकून एक आंधळा फुगेवाला त्याला ओळखतो. (लोरला शीळ वाजवताच येत नव्हती. सिनेमातली शीळ आपण वाजवली, असं लांग सांगायचा.)

आणि मग शेवट. एका तळघरात गुन्हेगारांनी भरवलेला खटला, आणि समोर घामाघूम झालेला बेकर्ट. तो ओरडून सांगतो की तुम्ही चोऱ्या करता ते तुमच्या मर्जीने करता, माझ्या आत काहीतरी आहे त्याच्यापासून मला पळताच येत नाही. मी तो प्रसंग रात्री एकट्याने बघितला आणि बघून झाल्यावर माझी मलाच लाज वाटली, कारण काही क्षण मला त्या माणसाची दया आली होती. मुलींचे खून करणाऱ्याची दया! सिनेमा त्याला माफ करत नाही, तरी आपल्याला हे होतं. तेव्हा लोर अवघा २६ वर्षांचा होता. माझ्यापेक्षा लहान. असो.

पुढची गोष्ट इतिहासाच्या पुस्तकातली आहे. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर झाला. लोर त्याच वर्षी बर्लिन सोडून आधी व्हिएन्ना, मग पॅरिस असा हिंडत राहिला. लांगनेही देश सोडला. १९३४ मध्ये नाझींनी 'एम'वर बंदी घातली. विनोद असा की १९३१ मध्ये खुद्द गोबेल्सने तो पाहिला होता आणि फाशीच्या शिक्षेची बाजू घेणारा सिनेमा म्हणून आपल्या डायरीत त्याचं कौतुक केलं होतं!

आणि ह्याहून वाईट पुढेच आहे. १९४० मध्ये नाझींनी 'डेर एविगे यूडे' म्हणजे 'सनातन ज्यू' नावाचा एक विखारी प्रचारपट काढला. ज्यूंबद्दल लोकांच्या मनात घृणा पेरणं हा त्याचा उघड हेतू. त्यात त्यांनी लोरचा तळघरातला तो प्रसंग उचलून घातला. बघा, हे ज्यू खुन्याबद्दल कशी सहानुभूती तयार करतात, असं सांगायला. एका नटाने आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं, आणि तेच काम त्याच्याच माणसांना मारायची हवा तयार करायला वापरलं गेलं. तो तेव्हा हजारो मैलांवर कॅलिफोर्नियात होता. करू काय शकणार होता?

आता थोडं मागे येऊ. १९३४, लंडन. हिचकॉकला 'द मॅन हू न्यू टू मच'साठी खलनायक हवा होता. लोरला इंग्रजी येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. हिचकॉकला गोष्टी सांगायची सवय होती, आणि तो गोष्ट सांगत असताना लोर त्याच्याकडे बघत मान हलवायचा आणि गोष्ट संपली असं वाटलं की मोठ्याने हसायचा. काम मिळालं. मग त्याने आपले संवाद अर्थ नीट न कळता, नुसत्या उच्चारावर पाठ केले आणि कॅमेऱ्यासमोर म्हटले.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप बंद करून पाच मिनिटं गॅलरीत जाऊन उभा राहिलो. कारण सांगतो. मी बारावीपर्यंत मराठी माध्यमातला. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका परदेशी क्लायंटला डेमो द्यायची पाळी माझ्यावर आली. कोड माझाच, मला तो झोपेतही सांगता आला असता, पण इंग्रजीत नाही. मग आदल्या रात्री मी पूर्ण डेमो वहीत लिहून काढला. इंग्रजी वाक्यं, पण देवनागरीत! 'ॲज यू कॅन सी ऑन द स्क्रीन'... कुठे थांबायचं तिथे दंड, कुठे जोर द्यायचा तिथे अधोरेखा. डेमो चांगला झाला. शेवटी क्लायंटने काहीतरी विनोद केला, तो मला कळला नाही, आणि मी मोठ्याने हसलो. लोरसारखाच. :-)

पण माझी भाषा माझ्यापाशी होती. कॉल संपल्यावर मी कँटीनमध्ये जाऊन मराठीत शिव्या घालू शकलो. लोरची भाषा ज्या देशाची होती त्या देशाने त्याला बाहेर काढलं होतं. नटासाठी हे केवढं मोठं नुकसान आहे ते नुसतं कल्पनेत आणून बघा. प्रोग्रामर देश बदलतो तेव्हा त्याची प्रोग्रामिंग लँग्वेज बदलत नाही. नटाचं हत्यारच भाषा असते.

लंडनमध्येच त्याने त्सेलिया लोव्स्की ह्या नटीशी लग्न केलं. (ट्रेकी मंडळींसाठी: 'स्टार ट्रेक'च्या 'अमॉक टाइम' भागात स्पॉकच्या लग्नात ती कडक म्हातारी टि'पाऊ आहे ना, तीच ही!) मग १९३४ च्या उन्हाळ्यात दोघं अमेरिकेला गेले. तिथे 'मॅड लव्ह'मध्ये टक्कल केलेला वेडा सर्जन, 'क्राइम अँड पनिशमेंट'मध्ये रास्कोलनिकोव्ह. पण हॉलिवूडला त्याच्या त्या उच्चाराचं काय करायचं ते कळेना. आणि त्यांना जे सुचलं ते असं: ह्याला जपानी करा. १९३७ ते १९३९ ह्या तीन वर्षांत लोरने मिस्टर मोटो नावाच्या जपानी गुप्तहेराचे तब्बल ८ सिनेमे केले. हंगेरीत जन्मलेला, जर्मन बोलणारा ज्यू, इंग्रजी सिनेमात, जपानी! स्टुडिओचं लॉजिक सोपं होतं: परका तो परका, कुठला का असेना. आज ते सिनेमे बघताना अवघडल्यासारखं होतं. १९४२ मध्ये ह्याच अमेरिकेने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत डांबलं, हे माहीत असल्यावर तर जास्तच.

१९४१ मध्ये त्याचं नशीब पालटलं. जॉन ह्यूस्टन नावाचा लेखक पहिल्यांदाच दिग्दर्शन करत होता, सिनेमा 'द माल्टीज फाल्कन'. लोर त्यात जोएल कैरो, अत्तर लावणारा, नाजूक, आणि तरी धोकादायक. सोबत सिडनी ग्रीनस्ट्रीट नावाचा अगडबंब नट. ग्रीनस्ट्रीटचा हा पहिलाच सिनेमा, वय वर्षं ६१! (करिअर स्विच करायला उशीर झाला म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) एक बारका, एक जाडा, ही जोडी लोकांना इतकी आवडली की पुढे दोघे मिळून एकूण ९ सिनेमांत दिसले.

आणि मग १९४२, 'कॅसाब्लांका'.

आपण तो बोगार्ट आणि इन्ग्रिड बर्गमनची प्रेमकथा म्हणून बघतो. पण श्रेयनामावलीत नाव असलेल्या नटांपैकी अमेरिकेत जन्मलेले फक्त तिघे आहेत: बोगार्ट, पियानो वाजवणारा डूली विल्सन आणि जॉय पेज. बाकी सगळे बाहेरचे, आणि त्यातले बरेचसे खरोखरचे निर्वासित. नाझी मेजर श्ट्रासर झालेला कॉनराड फाइट हा त्याची बायको ज्यू म्हणून जर्मनी सोडून आलेला. जुगाराच्या टेबलावरचा मार्सेल दालिओ हा पॅरिसमधला मोठा नट. नाझींनी त्याचा फोटो 'ज्यू कसा ओळखावा' म्हणून पोस्टरवर छापला होता. तो आणि त्याची बायको मादलेन लबो १९४० मध्ये पॅरिस पडायच्या सुमाराला निसटून लिस्बनमार्गे बाहेर पडले होते. सिनेमातल्या सगळ्यांना कुठे जायचंय? लिस्बनला! फ्रेंच राष्ट्रगीताच्या प्रसंगात डोळ्यांत पाणी आणून गाणारी मुलगी दिसते ना, ती ही लबो. २०१६ मध्ये ती गेली.

आणखी एक छोटा प्रसंग. अमेरिकेला निघालेलं एक म्हातारं जोडपं इंग्रजीचा सराव करतं. किती वाजले हे विचारायला ते जर्मन वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत टाकतात, आणि वेटर त्यांचं कौतुक करतो. पार्टनर खो खो हसला. मीही पहिल्या तीन वेळा हसलो होतो. पण ते म्हातारा-म्हातारी, लुडविग श्टोसेल आणि इल्का ग्रूनिंग, हेही नाझींपासून पळून आलेले नट होते. ग्रूनिंग तर बर्लिनमध्ये नाट्यशाळा चालवायची. तिला पडद्यावर मोडकं इंग्रजी बोलून लोकांना हसवायचं काम मिळालं. चौथ्या वेळी मला हसू आलं नाही.

ह्या सगळ्यांत आपला उगार्टे. दुसऱ्यांना देशाबाहेर जायचे कागद विकणारा, आणि स्वतः बाहेर पडायच्या आदल्या रात्री मेलेला.

सिनेमाला ३ ऑस्कर मिळाले. लोरला काही नाही. ऑस्करचं साधं नामांकनसुद्धा त्याला आयुष्यात कधी मिळालं नाही.

युद्ध संपलं आणि त्याची घसरगुंडी सुरू झाली. तरुणपणी पोटाच्या दुखण्यावर दिलेल्या मॉर्फिनचं त्याला व्यसन लागलं होतं, ते अधूनमधून डोकं वर काढायचं. वॉर्नर ब्रदर्सशी असलेला करार संपला. १९४९ मध्ये दिवाळं निघालं. ब्रेख्त एव्हाना युरोपात परतला होता, पूर्व बर्लिनमध्ये त्याने स्वतःची नाटक कंपनी काढली होती. त्याने लोरला परत ये म्हणून बोलावलं, त्याच्यावर एक कवितासुद्धा लिहिली. लोर तिथे गेला नाही. तो पश्चिम जर्मनीत गेला आणि तिथे त्याने आयुष्यातला एकमेव सिनेमा दिग्दर्शित केला: 'डेर फेरलोरने' म्हणजे 'हरवलेला', १९५१. लेखनात तो, प्रमुख भूमिकेत तो.

गोष्ट अशी: नाझी राजवटीतला एक डॉक्टर. तो आपल्या वाग्दत्त वधूचा खून करतो. राजवटीला त्याचं संशोधन हवं असतं, म्हणून ती खून दडपून टाकते. माणूस सुटतो, आणि सुटल्यामुळेच आतून संपतो. 'एम'मध्ये खुन्याला अख्खं शहर शोधत होतं. वीस वर्षांनी त्याच नटाने असा खुनी दाखवला ज्याला कुणी शोधतच नाही, कारण आजूबाजूला सगळेच त्यात सामील. युद्धानंतर सहा वर्षांनी जर्मन प्रेक्षकांना हे तोंडावर ऐकायचं नव्हतं. सिनेमा आपटला. आज जाणकार त्याला फार मान देतात, पण त्याचा लोरला काय उपयोग? तो अमेरिकेत परत आला आणि त्याने पुन्हा कधी दिग्दर्शन केलं नाही.

ह्यानंतर जे मिळेल ते. वजन खूप वाढलं होतं. १९५४ मध्ये डिस्नेचा '२०,००० लीग्ज अंडर द सी'. त्याच वर्षी टीव्हीवर तासाभराचं 'कसीनो रोयाल'. बाँडचा पडद्यावरचा पहिला अवतार हाच बरं का, शॉन कॉनरीच्या आठ वर्षं आधीचा. तो बाँड अमेरिकन होता आणि त्याला जिमी म्हणायचे. :-) त्यातला ल शिफ्र म्हणजे लोर. म्हणजे बाँडचा पहिलावहिला खलनायक! शेवटी रॉजर कॉर्मनचे स्वस्तातले भयपट. १९६३ च्या 'द रेव्हन'मध्ये तो, व्हिन्सेंट प्राइस आणि बोरिस कार्लोफ असे तीन म्हातारे मिळून धमाल करतात, आणि लोरच्या मुलाच्या भूमिकेत एक कोवळा पोरगा आहे, नाव जॅक निकल्सन. लोर कागदावरचं सोडून मनाला येईल ते बोलायचा. मोरेनोची शाळा चाळीस वर्षांनीही सुटली नव्हती.

२३ मार्च १९६४ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला. वय ५९.

त्याच्याबद्दल लिहिणारे बरेच जण "वाया गेलेली प्रतिभा" म्हणतात. ब्रेख्तलाही तसंच वाटत असावं. परवापर्यंत मलाही पटलं असतं. पण मग विचार केला, ह्या माणसापुढे पर्याय तरी काय होते? बर्लिनमध्ये राहिला असता तर मेला असता. बाहेर पडला, तर ज्या भाषेत तो राजा होता ती मागे राहिली. उरलं काय? चेहरा, डोळे आणि ज्याची लोक नक्कल करतात असा आवाज. तेवढ्यावर त्याने तीस वर्षं काढली, आणि पाच मिनिटं मिळाली तर पाच मिनिटांत माणूस उभा केला. 'स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर' (१९४०) बघा. बरेच अभ्यासक ह्याला पहिला फिल्म न्वार मानतात. लोर त्यात मोजकाच वेळ दिसतो, पण सिनेमा संपल्यावर लक्षात राहतो तोच.

हे पुरेसं होतं का? त्याच्या दृष्टीने बहुधा नसावं, नाहीतर तो सेहेचाळिसाव्या वर्षी स्वतःचा सिनेमा करायला जर्मनीला गेला नसता. मला ह्यात "जिद्द ठेवा, यश मिळेल" असं काही सांगायचं नाहीये. त्याचं झालेलं नुकसान खरं होतं आणि ते कधी भरून आलं नाही. एवढंच, की नुकसान झालेल्या माणसाने केलेलं कामही खरं होतं.

जाता जाता एक शेवटचा किस्सा. १९७७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये दोघे जण पोलीस असल्याची बतावणी करून मुलींना गाठायचे आणि मारायचे. एकदा त्यांनी एका तरुणीला अडवलं. तिच्या पाकिटात लहानपणीचा एक फोटो होता, वडिलांबरोबरचा. त्यांनी वडिलांना ओळखलं, आणि प्रसिद्ध माणसाच्या मुलीच्या नादी लागलं तर फार गाजावाजा होईल म्हणून तिला सोडून दिलं. आपण कशातून वाचलो हे तिला नंतर, ते पकडले गेल्यावर कळलं. वडील अर्थातच पीटर लोर. 'एम'मधल्या खुन्याच्या चेहऱ्याने, तो जाऊन तेरा वर्षं झाल्यावर, खऱ्या खुन्यांच्या हातून आपली मुलगी सोडवली.

पार्टनरला हे सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आज रात्री 'एम' लाव."

तुम्हीही लावा. आणि संपल्यावर जे वाटेल ते मला जरूर सांगा.